नाळेचा धागा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., तेही जीवशास्त्र घेऊन, सुरतेत राहून. हे मी आजही कोणी न विचारता सांगते. बाप खानदेशातून इथं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आला, धाकटा भाऊ बापाच्याच लूमवर उभा राहिला, आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. त्यामुळे एकोणीसशे सत्तरच्या आसपास भावजयीचे दिवस भरत आले तेव्हा मी जाहीर करून टाकलं, की बाळंतपण माझ्या देखरेखीखाली होईल.

सुईण आमच्याच डिंडोली वस्तीतली, आमच्या खोल्यांच्या ओळीतली. तिला म्हटलं, "ब्लेड नवं आणलंय. उकळल्याशिवाय हात लावायचा नाही."

"मंग तूच काढ ना पोर, कालेजवाली!" ती म्हणाली. बाया हसल्या. मी पातेलं ठेवलं, पाच मिनिटं घड्याळ लावून मोजली, ब्लेड चिमट्यानं उचलून दिलं. सकाळी दहाला बाळ रडलं. मुलगा.

नाळ बांधायला भावानं धागा आणला होता. आमच्याकडे तशी रीतच पडली होती: बापानं आपल्या लूमच्या कांडीवरचा धागा आणायचा, म्हणजे पोराच्या हाताला गुण येतो. पोपटी, चमकदार धागा. दोन दिवस त्याच्या खिशात होता, विड्यांच्या बंडलाबरोबर. त्यानं तो दारातूनच आत दिला, सुईणीनं बांधला. मी समोर होते. समाधानानं ब्लेड कागदात गुंडाळत होते.

पाचवीला सटवाईपुढं कोरा कागद ठेवला, तेव्हा पेन माझं मागितलं. शिकलेल्या आत्याचं. मी ऐटीत दिलं.

सातव्या दिवशी सकाळी भावजय म्हणाली, "ताई, हा पीत नाही. तोंडात घेतो नि सोडून देतो."

"पोट भरलं असेल," मी म्हटलं.

दुपारपर्यंत त्याला तोंड उघडता येईना. ओठ दोन्हीकडं ताणले गेले. शेजारीण कौतुकानं म्हणाली, "अगं बाई, हसतोय!" तेवढ्यात बाहेर कोणाची तरी बादली पडली आणि ते एवढंसं अंग ताठ झालं, पाठीतून वाकलं, मुठी आवळल्या. मग सैल पडलं. भिंतीपलीकडच्या शेडमध्ये जेवणाची सुट्टी संपून लूम सुरू झाले, तसं ते पुन्हा वाकलं. आमच्या ओळीतली पोरं त्या खटखटीत गाढ झोपायची. याला प्रत्येक खटका लागत होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरबाई गुजराती होत्या. त्यांनी आधी खिडक्या लावून घेतल्या. "धनुर छे," म्हणाल्या, आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "नाळ शेनाथी कापी?"

"नव्या ब्लेडनं. उकळलेल्या," मी सांगितलं. तशातही माझी मान ताठ होती.

"अने बांधी शेनाथी?"

मी धाग्याचं सांगितलं, खिशाचंही.

त्या ओरडल्या नाहीत. मी बी.एस्सी. आहे हे कळल्यावर बरोबरीचं मानून समजावलं, ते जास्त लागलं. धनुर्वाताचा जंतू शेणात, मातीत, जमिनीवरच्या धुळीत बीज होऊन पडून असतो. जिथं हवा पोचत नाही अशा जखमेत तो रुजतो. स्वतः जागचा हलत नाही. त्याचं विष नसांच्या वाटेनं चढतं. पाच मिनिटांच्या उकळीला ते बीज भीक घालत नाही. पोटुशी असताना आईला धनुर्वाताच्या दोन सुया दिल्या असत्या तर ही वेळ आली नसती. या जंतूवर परीक्षेत मी टीप लिहिली होती. चांगले मार्क मिळाले होते.

तिसऱ्या दिवशी बाळ गेलं.

पुढच्या वर्षी भावजयीला पुन्हा दिवस गेले. या वेळी मी तिला घेऊन जाऊन दोन्ही सुया टोचून आणल्या. भाऊ मात्र शेजारचं पोर अंगावर झेपावलं तरी हात मागं घ्यायचा. एक दिवस पाळीवरून आला, हातपाय न धुताच माझ्यासमोर बसला. आम्ही भाऊबहीण एकमेकांत अहिराणीच बोलायचो.

"ताई, मन्हा धागामुये व्हयनं का?"

मला धाग्याचाच संशय होता. शेडमधली धूळ, तो खिसा. आयुष्यभर मी तोंडावर खरं बोलत आले. पण त्याचे ते हात बघितले.

"नही रे. मन्हा ब्लेडमुये. उकळानं पुरं नव्हतं."

"तू तं शिकेल शे ना?"

"शिकेल शे. अर्धंच."

तो उठला आणि मोरीवर जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला.

मुलगी दवाखान्यात झाली. पाचवीला माझं पेन कोणी मागितलं नाही, मीही पुढं केलं नाही. सातव्या दिवशी भाऊ कामावर गेलाच नाही. दारात उभा राहिला. मी बाळाजवळ बसले होते. पलीकडची सुट्टी संपली आणि लूम सुरू झाले. आम्ही दोघं तिच्या मुठींकडं बघत होतो. त्या उघड्याच राहिल्या. थोड्या वेळानं तिनं तोंड वळवून आईला शोधलं.

"आते कामवर जाऊ का?" त्यानं विचारलं.

"जाय," मी म्हटलं.

तो चपला घालून गेला. मी मात्र तिथून हलले नाही. विष चढायला कधी कधी चौदा दिवस लागतात, हे मी त्याला सांगितलं नव्हतं.