टोपलीला घसा बसवला तेव्हा

महाडच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाला लागून एक खोली आहे. तिला आम्ही संग्रहालय म्हणतो. आसपासच्या वाड्यांतून जमवलेल्या वस्तू तिथे काचेच्या कपाटांत आहेत. त्यांतल्या बहुतेक मीच जमवल्या. ग्रंथपालाच्या कामाला कुणीतरी हे जोडून दिलं आणि मला ते आवडलं. गेल्या जूनमध्ये प्राचार्य सरळ म्हणाले, "मॅडम, गणपतीपर्यंत मुलं यायला लागली नाहीत, तर खोली परीक्षा विभागाला द्यावी लागेल. त्यांचे गठ्ठे व्हरांड्यात भिजतायत." त्यांचं चुकत नव्हतं. भेटवहीत माझ्या नवऱ्याचीच सही दोनदा होती.

मी आदिवासी कलेवर कार्यक्रम ठरवला. मुलांनी लगेच बाहेरची भिंत गेरूने रंगवून तिच्यावर पांढरी काटकुळी माणसं नाचवली. चित्रं झकास झाली, पण आमच्याकडच्या एकाही कातकरी घरावर मी तशी पाहिलेली नाहीत. मोबाइलवर बघून काढली होती. मग मी पोलादपूरच्या रस्त्यावरच्या कातकरी वाडीत गेले आणि बांबूकाम करणाऱ्या एका बाईंना बोलावलं.

"लावणी उरकली की येते," त्या म्हणाल्या. "पन खुर्चीवर नाय बसनार."

ठरल्याप्रमाणे त्या आल्या, कोयता आणि बांबूच्या भिजवलेल्या कांबट्या घेऊन. मुलं पंधरा-वीस, तीही हजेरी लागणार म्हणून. बाई मधल्या कपाटापुढे थांबल्या. तिथे एक लांबट टोपली उभी होती आणि खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी. ती त्यांनी एका मुलीकडून वाचून घेतली: धान्य साठवण्याची टोपली.

"भात भरा यात. निम्मा वाटेतच सांडल," बाई म्हणाल्या. "मासे धरायचा सापला हाय हा. उभा काय केलाय? आनि याचा घसा कुठं गेला?"

मुलं खदाखदा हसली. मी महाडच्या बाजारपेठेत वाढलेली. मासा मला कोळणीच्या पाटीतच दिसलेला.

"मग बसवा घसा," मी म्हटलं आणि कपाट उघडलं.

बाई जमिनीवर बसल्या. सापळा दोन्ही पायांत धरून त्यांनी टोकदार कांबट्या तोंडातून आत वळवत विणल्या. मासा आत शिरतो. परत फिरला की टोकं आडवी येतात. नाते गावाहून येणाऱ्या एका मुलाने विचारलं, "मावशी, हे खरंच चालतं?"

"तू शिरून बग. सुटलास तर सांग."

हशा ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "पान्यात लावल्याबिगार कसं कळल रे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वस्तूंना हात लावू नये, ही पाटी दारावर मीच लावलेली. जुना बांबू पाण्यात किती टिकेल, सांगता येत नव्हतं. पण तासाभरात एकानेही हजेरीचं विचारलं नव्हतं.

"न्या," मी म्हटलं. "पण त्यावरचा संग्रहालयाचा नंबर पुसला जाता कामा नये."

बाईंनी लावायचं कसं ते सांगितलं आणि पोलादपूरची एसटी गाठली. मुलांनी कॉलेजमागच्या ओढ्यात सापळा लावला. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधी काठावर मुलांची ही गर्दी. आत ओंजळभर मासे आणि दोन खेकडे होते. मुलांनी बाईंना फोन लावला.

"खेकडे दोनच? तोंड वाकडं लावलंत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी आठ-दहा जण नीट शिकायला वाडीवर गेले. मग आपण विणलेले सापळे मूळ सापळ्याशी ताडून बघायला ते खोलीत यायला लागले, बरोबर मित्रमैत्रिणींना घेऊन. गणपतीआधी प्राचार्य आले, भेटवही चाळली आणि नाकाला रुमाल लावला. "मॅडम, हा वास?"

"सापळ्याचा. तो घ्यायलाही मुलं येतात."

परीक्षेचे गठ्ठे आता रंगमंचाखालच्या कोरड्या खोलीत आहेत. सापळा आडवा ठेवलाय. चिठ्ठी बाईंनी सांगितली तशी लिहिली आणि खाली त्यांचं नाव घातलं. बाकीच्या चिठ्ठ्याही तपासायला हव्यात. भातकापणी झाली की बाई येणार आहेत.