बाक सातवरची रेहाना

कॉम्प्युटर लॅबमध्ये वीस वर्षं काढली, की डोक्यावरचे केस जातात आणि किस्से साठतात! आमची लॅब धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली. पोरं इथे प्रोग्रामिंग शिकायला येतात, म्हणजे जुनी जर्नलं उतरवायला येतात.

*

तोंडी परीक्षेत शिरपूरच्या एका पोराला विचारलं, "हा लूप इथे का टाकलास?"

"सर, तो आधीपासूनच होता."

जणू बांधावरची बाभूळ!

*

उतरवलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ असते : 'रेहाना, बाक सात'. कॉम्प्युटर ही ओळ वाचतसुद्धा नाही, ती फक्त माणसांसाठी. यंदा धरणगावच्या प्रवीणला म्हटलं, "अरे, तुझं नाव प्रवीण. मग ही काढ की!"

तो घाबरलाच. "नही सर! ती काढी तर प्रोग्राम चालत नही. बठ्ठा पोरं सांगतस."

मी हसून ओळ पुसली. प्रोग्राम चालला नाही! घाईत माझ्याच हातून खालचा एक कंस उडाला होता. पण प्रवीणनं कानाला हात लावले, आणि खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला.

*

बाक सातवर कुणी बसत नाही. तिथला पीसी म्हणे आपोआप सुरू होतो! वायरिंग जुनं आहे, हे मी दहादा सांगितलंय.

*

रेहाना खरंच होती. वडील शिलाईकाम करायचे. अख्ख्या वर्गात स्वतः प्रोग्राम लिहिणारी ती एकटी, बाकीचे तिचं जर्नल पाठ करायचे. पुण्याहून एक कंपनी नोकऱ्या द्यायला आली, तेव्हा चाळीस जणांनी एकच प्रोग्राम लिहिला. साहेबांनी गठ्ठा परत केला. "सगळ्यांनी कॉपी केलीय!"

रेहाना उभी राहिली. "सर, मी कॉपी केली नाही."

ती साहेबांशी नाही, माझ्याशी बोलत होती. खरं सांगायचं, तर बाकी सगळ्यांनी तिचंच उतरवलंय हे मलाच कबूल करावं लागलं असतं, आणि कॉलेजची अब्रू गेली असती. मी हजेरीपटात डोकं घातलं. त्याची आजही लाज वाटते. ती पुन्हा लॅबमध्ये आली नाही.

*

आता जर्नलही उतरवावं लागत नाही. पोरं एआयला सांगतात, तोच लिहून देतो. म्हटलं, चला, रेहाना सुटली! परवा मी कोरा करकरीत प्रोग्राम दिला, केळीचे घड वजनाप्रमाणे लावायचा. प्रवीणनं माझ्यासमोरच एआयला सांगितलं. स्क्रीनवर ओळी उतरू लागल्या.

"सर," तो हळूच म्हणाला, "हाई मी नही लिखं."

सगळ्यात वर 'रेहाना, बाक सात'. आणि तिच्याखाली, कॉम्प्युटर वाचत नाही अशी आणखी एक ओळ :

'सर, मी कॉपी केली नाही.'