दोरीच्या आत

पेठच्या डोंगरातला भिका १९९२ साली नाशिकच्या एका लहानशा संग्रहालयात पहारेकरी म्हणून लागला. काचेच्या कपाटात त्याच्याच मुलखातल्या बोहाड्याचे तीन मुखवटे होते. बोहाडा म्हणजे उन्हाळ्यात तिकडच्या गावांतून मुखवटे चढवून नाचत निघणारी देवांची, रावणासारख्या राक्षसांची सोंगं. लोक कपाटापुढे थांबत, पाटी वाचत आणि जांभई देत पुढे सरकत. कुणी काचेला नाक लावलं, तर लांबून बघा म्हणायचं, एवढंच भिकाचं काम. त्याला त्याचं काही वाटत नसे. नोकरी सावलीतली होती, नाशिक रोडला भाड्याच्या खोलीत संसार मार्गी लागला होता. अशी बारा वर्षं गेली.

२००४ च्या हिवाळ्यात रोशनी नावाची चित्रकार तिथे आली. तिला कपाट नको होतं. मागच्या दालनात माती पसरून, शेणाने सारवून, खिडक्या काळ्या कापडाने झाकून तिला अख्खा बोहाडा उभा करायचा होता. मशालीसारखा हलता उजेड, चारी भिंतींतून घुमणारा संबळ आणि माणसाच्या उंचीवर टांगलेले मुखवटे. बघणाऱ्याने अनवाणी आत शिरायचं, सोंगांच्या मधून चालायचं. त्यासाठी गावात खरोखर नाचवले जाणारे मुखवटे हवे होते, आणि ते भिकाच्या शब्दावर मिळाले. ते त्याच्या आत्याच्या, तानुबाईच्या घरी माळ्यावर असत. देवाला विचारून, नारळ फोडून तिने ते खाली काढले आणि स्वतःही एसटीने सोबत आली. मुखवट्यांचा मान राहिला नाही, तर दुसऱ्या सकाळच्या गाडीने ती ते परत नेणार होती. तसं झालं असतं, तर गावात भिकाला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

म्हणून पहिल्या दिवशी त्याने त्याला येत होतं ते केलं. रोशनी पाहुण्यांना आणायला फाटकाशी गेली, तेवढ्यात त्याने मुखवट्यांपुढे या दारापासून त्या दारापर्यंत नायलॉनची दोरी ताणून बांधली.

लोक आले. चपला काढल्या, दोरीच्या कडेने रांगेत चालले, छान आहे म्हणाले आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडले. रोशनीचा चेहरा उतरला, तशीच ती पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. तानुबाई कोपऱ्यात मातीवर बसून सगळं बघत होती. दुपारी गर्दी ओसरली तशी तिने भाच्याला हाक मारली.

"भिक्या, ही दोरी कुणी बांधली?"

"मी. मान राहावा म्हणून."

"दोरीनं गुरं बांधतात. सोंगाचा घाम माणसाच्या अंगावर उडत नाय, तर तो कसला बोहाडा? तुझा बाप नाचायचा तवा तू कुठं बसायचास, इसरलास का?"

तो विसरला नव्हता. तो अगदी पुढे बसायचा, सोंगाची धूळ नाकात जाईल इतका. भिकाला लाज वाटली, थोडं हसूही आलं. काच नव्हती, तरी त्याने देवांना पुन्हा कपाटातच घातलं होतं. त्याने दोरी सोडली. तोवर तानुबाईने टांगलेल्या मुखवट्यांतला मोठा मुखवटा उतरवून हातात घेतला होता.

"वाक," ती म्हणाली.

खाकी गणवेशावरच तिने तो चढवला आणि मागून फडक्याने घट्ट बांधला. आतून जगाचं फारसं काही दिसत नाही. तोंडाच्या फटीतून फक्त पायाखालची जमीन. संबळ वाजत होता. आधी गुडघे अडले, मग पावलांना चाल आठवत गेली.

चार वाजता आलेल्या माणसांचे चेहरे भिकाने पाहिलेच नाहीत, पावलं पाहिली. भेगाळलेल्या टाचा, जोडव्यांची बोटं, मोजे तसेच ठेवून आलेले कुणी साहेब. सोंग पुढे सरकलं की सगळी पावलं दचकून मागे जात. मग एकेक करून पुन्हा जवळ येत, आधीपेक्षाही जवळ. पलीकडच्या दाराकडे कुणीच वळत नव्हतं.

संध्याकाळी मुखवटा उतरला, तेव्हा भिका घामाने निथळत होता. रोशनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि उद्या किती वाजता, एवढंच विचारलं. त्याने आत्याकडे पाहिलं. ती नाशिक रोडच्या कुणा शिक्षिकेला शेजारी बसवून कुठल्या सोंगामागून कुठलं येतं ते सांगत होती.

"आत्या, सकाळच्या गाडीचं काय?"

"कशी जाऊ?" तानुबाई म्हणाली. "या बाईंना रावण बघायचाय. उद्या सासूला घेऊन येणार हायेत."