जिताड्याच्या खवल्याचं पान

...न्हाय रे बाबा, खोडू नको. ‘शी’ असंच लिव. काशी तसंच म्हनली व्हती, आनि तोंड असं केलं जसं कोनी सडकी मांदेली नाकाखाली धरली. काशी म्हनजे आपल्या शेजारची, काळूरामाची बायको. लिवलंस? मंग हां, पुढं.

ती लगीन होऊन ह्या कोळीवाड्यात आली तवा कवळी पोर व्हती. देश सोतंत्र झाला त्याच्या फुडलं साल. सासरचं कायपन तिला आवडत नव्हतं. कालवन आवडंना, चूल आवडंना, सासू तर न्हायच न्हाय. सासू म्हनजे नीराबाय. तिचं तोंड आदीपासनंच तिखट.

दुपारी सगळ्या बाया बोंबील वाळत घालायच्या. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आनि जोडी दोरीवर टाकायची. काशीची नणंद राही तेवढी पालथ्या टोपलीवर बसायची. चार यत्ता शिकलेली, म्हनून तिचं काम वाचायचं. एक मास्तर बदलून जाताना तिला पुस्तक देऊन गेलेला. नाव कोनाला ठाऊक? पुठ्ठा झुरळांनी खाल्लेला.

एका तेल्याच्या पोराची गोष्ट व्हती. ल्हानाचा मोठा होतो. मिशा फुटतात तसा दाराशी उभा ऱ्हातो आनि आयशीला म्हनतो, “मला या घराची किळस येते. तुझ्या हाताच्या वासाची किळस येते.” आनि जातो निघून.

काशी इतं रडायची. “बरं केलंस रे राजा,” म्हनायची. हातातला बोंबील तसाच लोंबकळत.

नीराबाय थुकायची. “थू मेल्याच्या जिनगानीवर! त्याच हातानं ढुंगन धुतलं तवा न्हाय वास आला?”

पोर घरातनं गेला की काशीचं पुस्तक संपलं. राही फुडं वाचाय लागली की ती हंडा घेऊन पान्याला जायची. नीराबाय मात्र बसून ऱ्हायची. ज्याला जे पान आवडायचं ते परत परत वाचायला लावायचं. म्हनून राहीनं एका पानात खून म्हनून जिताड्याचा मोठा खवला घातला. ओलाच घातला, तो चिकटला तो चिकटलाच.

मंग राहीचं लगीन झालं, ती दिघीला गेली. पुस्तक गेलं माळ्यावर.

काशीला झाला अनंता. हुशार. श्रीवर्धनच्या मोठ्या शाळेत जायला लागला आनि तितं पोरं त्याच्या बाजूला बसून नाक धरायला लागली. घरी आला की हात राखंनं घासायचा, कातडं सोलंस्तवर. आयशीनं वाढलेलं ताट दोन येळा बगायचा. काशीला कळायचं.

एका दिशी त्यानं माळ्यावरनं पुस्तक काढलं. काशी हरखली. “वाच, वाच. माज्या पोरपनीचं हाय.” ती बोंबील अडकवतेय, पोर वाचतोय. आनि आला तो तेल्याचा पोर दाराशी.

काशीच्या हातातली जोडी वाळूत पडली.

“शी! हा तो? ह्या मेल्यासाठी मी रडत व्हते?” त्या पोराची तर किळस आलीच, पन टिपं गाळनारी ती कवळी काशी, तिची त्याहून जास्त आली.

“आय, तो खरं तेच बोलतो,” अनंता म्हनाला.

“तुला पन येतो काय रे माज्या हाताचा वास?”

पोरगा आपल्या हाताकडं बगत ऱ्हायला. न्हाय म्हनला असता तर काय गेलं असतं त्याचं? पन तसं म्हनला न्हाय.

म्हातारी नीराबाय भिंतीला टेकून बसलेली. दात गेलेले, जीब व्हती. “गो काशी, पोराला कशाला शिव्या? पोट भरलेल्यालाच किळस सुचते. मला त्या आयशीचा राग येतो. उभी ऱ्हायली खांबासारकी. भाकर न्हाय बांधून दिली.”

“आत्याबाय, तुमीच तर थुकत व्हता त्याच्यावर!”

“तवा माजा काळू जवान व्हता, जाईल म्हनून भ्याव व्हतं. आता कोन जायचंय माज्यापासनं? मीच जायची.”

दुसऱ्या दिशी अनंता शाळेत गेल्यावर काशीनं पुस्तक खाली घेतलं. म्हनली, हे इष पोराच्या डोळ्यांफुडं नको. वाचता कुटं येतं तिला? पन खवला ठाऊक व्हता. खवल्याचं पान म्हनजे आपलं रडायचं पान. खवल्यापासनं हाताला आली तेवढी पानं फाडली, बाजारात त्यात जवळा बांधून इकला. हात झटकून घरी आली.

अनंता मंग मोठ्यानं वाचीना. एकटाच कोपऱ्यात तेच तेच वाचायचा. आनि शिमग्याच्या आदी दाराशी उभा ऱ्हायला. “जातो,” एवढंच.

काशी चुलीफुडनं उठली न्हाय. “जा. तुज्या नाकाला तरी बरं वाटंल.”

गेला तो गेलाच. खबर न्हाय, बात न्हाय.

नारळी पुनवेला राही म्हायेरी आली. काशी तिच्याफुडं बोलून बसली, “वन्सं, ते जायाचं पान मी फाडलं व्हतं गो. तरी गेला.”

राहीनं पुस्तक चाळलं. “वयनी, पोर जातो ते पान तर हाय की. शेवट न्हाय. खवला शेवटाला व्हता, पोर परत येतो तितं. येतो आनि आयशीला म्हनतो, तुज्या हातानं डोक्याला तेल घाल.”

“खवला तर माज्या पानात...”

“तुज्या कसला? माज्या,” म्हातारी म्हनली. “तेवढंच तर आयकायची मी.”

काशीनं आपले हात नाकाशी नेले आनि वास घेतला. मी तिच्या बाजूलाच व्हते. मंग तिनं ते लुगड्याला पुसले, पुसतच ऱ्हायली.

आता पुस्तक वाचून कोन घरी परत येतं काय, मी म्हनते. पन काशीला तसंच वाटतं, अनंता शेवट न वाचता गेला. कोनी म्हनतं मुंबईला भाऊच्या धक्क्याला दिसला, मासळीच्या पाट्या उचलतो. बग, तितं पन म्हावऱ्याचाच वास!

तर लिव खाली, मोठ्या अक्षरात. हे वाचनाऱ्या कोनाला अनंता काळूराम भेटला तर त्याला सांगा, तो तेल्याचा पोर परत आला व्हता. शेवट झुरळांनी न्हाय खाल्ला, आयशीनं चुकून फाडला. आनि सांगा, त्या दिशी भाकर बांधायची ऱ्हायली, ती अजून बांधायची हाय.