विमानाच्या मागून

वडीगोद्रीत विमान जवळून पाहिलेला माणूस एकच, बद्रीनाथ. दूरच्या एका हवाई तळावर जीप चालवायचा. सुट्टीवर आला की हॉटेलाच्या बाकड्यावर त्याचा दरबार भरे. आणि हा पठ्ठ्या तरी काय कमी! दरसाल एकच धडा: "विमान म्हंजे बैल. मारतंय ते पुढून. पंख्यासमोर बिलकुल जायचं न्हाई, मागून बिनघोर जा." राजूरचा भुजंग, त्याचा मेहुणा, हे सगळं तोंडपाठ म्हणून दाखवायचा.

चौपन्न साली मात्र बद्रीनाथ बाकड्याकडं फिरकला नाही. वैशाखाच्या उन्हात अंगातला सदरा काढीना. का, ते फक्त बायकोला, नंदाबाईला ठाऊक होतं. तळावर बिनपंख्याची विमानं आली होती, शेपटीकडून आगीचा झोत सोडणारी. बद्रीनाथ सवयीनं मागून गेला. उघडी जीप झोतानं उलथली अन् पाठीची कातडी सोलून निघाली.

नोकरी सोडावी, तर कराराची चार वर्षं बाकी. गावाला सांगावं, तर शहाणपणाचे वाभाडे निघणार. त्यात भुजंगला तसल्याच विमानांच्या दुसऱ्या तळावर जीप चालवायचं बोलावणं आलेलं, तेही ह्यानंच साहेबाला गळ घालून मिळवलेलं! एकाच मोटारीनं निघायचं, जालन्यापासून वाटा वेगळ्या.

"माझ्या भावाला विमानाच्या मागून धाडता का?" नंदाबाई रोज टोचायची. "तुमी सांगता का मी सांगू?"

"सांगतो की," म्हणायचा अन् कूस बदलायचा. तीही दुखायची.

निघायच्या दिवशी भुजंगची आई झुंबरबाई राजूरहून त्याला घेऊन आली. मोटार उभी राहिली. वळकट्या टपावर चढल्या. भुजंग खुशीत हॉटेलवाल्याला सांगून राह्यला होता, "मी तर मागूनच जाणार. दाजीनं शिकवलंय!"

बद्रीनाथ त्याच्याजवळ गेला. "भुजंगा, मागून जाऊ नको. म्या चुकीचं सांगितलं."

"चेष्टा करता का दाजी? बैल कधी मागून मारतो का?"

लोक खदखदून हसले. बद्रीनाथनं भर रस्त्यात सदरा काढला अन् पाठ फिरवली.

हसू जागच्या जागी विरलं. भुजंगनं पाठ पाहिली अन् मोटारीपासून दोन पावलं मागं सरला.

"अगं बाई गं!" झुंबरबाईनं लेकाचं मनगट धरलं. "ह्याची वळकटी खाली घ्या!" मग दुसऱ्या हातानं जावयाचा हात धरला. "जावईबापू, तुमी बी ऱ्हावा."

"माझा करार हाय, मामी."

ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. नंदाबाईनं सदरा उचलून नवऱ्याच्या पाठीवर हळूच टाकला. मोटार हलली तसा तो पायरीवर चढला. झुंबरबाई दोघांनाही धरून चार पावलं धावली. लेकाचा हात तिनं सोडला नाही. जावयाचा सोडावाच लागला.