झेफचा अर्धा कप

धम्मशीलाताई रामटेके यांच्या फ्लॅटवरून दर दीड-दोन मिनिटांनी विमान जातं. हाउन्सलोची माणसं बोलता बोलता थांबतात, विमान जाऊ देतात आणि जिथे तोडलं तिथूनच वाक्य पुढे नेतात. एकदा ताई माझ्याकडे हॅरोला आल्या होत्या. तिथेही सवयीने वाक्य तोडून थांबल्या आणि वर काहीच नाही म्हटल्यावर स्वतःशीच हसल्या.

गेल्या वर्षी जानेवारीपासून दर शनिवारी मी त्यांच्याकडे जात होते. मी कामाने डेटा इंजिनिअर. मला मराठी टायपिंग येतं म्हणून विहाराचं काम पाहणाऱ्या अतुल मेश्राम दादांनी हे माझ्याकडे सोपवलं होतं. ताईंच्या अकरा वह्या स्कॅन करायच्या, टाइप करायच्या आणि ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात पुस्तक बाहेर काढायचं.

वह्यांमध्ये अल्बेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरी लोकांच्या चालीरीती आहेत. लग्नं, सुतक, शपथा, पाहुणचार, खुनाचा बदला. सगळं मराठीत, निळ्या बॉलपेनने, समासात छोटी चित्रं काढून. आपल्या लोकांपैकी कुठली बाई त्याआधी त्या डोंगरात वही घेऊन गेली असेल असं मला वाटत नाही. आणि ही बाई प्राध्यापक नव्हती. विमानातल्या प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरणाऱ्या एका किचनमध्ये त्यांनी सव्वीस वर्षं सरकत्या पट्ट्याशेजारी उभं राहून काम केलं. उजवा खांदा त्यातच गेला.

त्यांचा जन्म नागपूरचा, सत्तावन्न सालचा. आदल्या वर्षी वडिलांनी दीक्षा घेतली होती, म्हणून हे नाव. लग्नानंतर इकडे आल्या. नवरा विमानतळावर कार्गोत होता, तो अठ्ठ्याण्णव साली गेला. त्यानंतर वर्षभराने पट्ट्यावर त्यांच्या शेजारी म्रिका नावाची अल्बेनियन बाई उभी राहू लागली. दोघींचं इंग्रजी तुटपुंजं. तरी दुपारच्या सुट्टीत ही शंकरपाळे द्यायची आणि ती तिच्या गावच्या गोष्टी सांगायची. ताई घरी येऊन त्या लिहून काढायच्या. कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घर रिकामं होतं. काहीतरी लिहायला हवं होतं."

दोन हजार एक साली म्रिकाने त्यांना गावी नेलं. मग ओळीने चार उन्हाळे त्या गेल्या.

पहिल्याच दिवसाची नोंद मला पाठ झाली आहे. तिथे पाहुणा दारात आला की यजमान त्याची बंदूक स्वतःच्या हाताने काढून खुंटीला अडकवतो. म्हणजे आता तुझ्या जिवाची जबाबदारी माझी. ताईंजवळ बंदूक कुठली? म्हाताऱ्या यजमानाने, म्रिकाच्या काकाने, थोडा विचार केला, त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि तितक्याच गंभीरपणे खुंटीला अडकवली. मग त्यांना चुलीजवळच्या सगळ्यांत मानाच्या जागी बसवलं. खाली ताईंनी एकच ओळ लिहिली आहे : 'कोणीही काहीही विचारलं नाही.'

आठ वह्या भराभर झाल्या. नवव्या वहीपाशी आम्ही अडकलो.

नवव्या वहीत कपाची गोष्ट यायला हवी होती. ताईंची ही गोष्ट लंडनमधल्या आपल्या सगळ्या लोकांना माहीत आहे. हाउन्सलोत, साउथॉलमध्ये, एकदा बर्मिंगहॅमलाही त्यांनी ती जयंतीच्या कार्यक्रमात सांगितली होती. म्रिकाचा भाऊ झेफ. सत्त्याण्णव साली तिकडे सरकार कोसळलं, घरोघरी बंदुका आल्या आणि पाटाच्या पाण्यावरून एका शेजाऱ्याने झेफच्या थोरल्या भावाला मारलं. रिवाजाप्रमाणे झेफने त्या घरातला एक माणूस मारायला हवा होता. त्याने मारला नाही. अशा माणसाला कॉफी देताना कप अर्धाच भरतात. चारचौघांत त्याला आठवण राहावी म्हणून. चौथ्या उन्हाळ्यात ताईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा कप काठोकाठ, बाकी गावकऱ्यांचे काठोकाठ, झेफचा अर्धा.

ताईंच्या आजोबांचा उमरेडकडच्या एका गावात चहाच्या टपरीवर वेगळा कप होता. टपरीच्या मागे, कुडाच्या खाचेत. पिऊन झाला की स्वतः धुऊन परत तिथेच ठेवायचा. ताईंनी तो कप पाहिला नव्हता, वडिलांकडून ऐकला होता. त्या खोलीत त्यांना तोच कप दिसला. त्या उठल्या, आपला भरलेला कप झेफच्या हातात दिला आणि त्याचा अर्धा स्वतः घेऊन प्यायल्या. झेफने त्यांच्याकडे पाहिलं आणि सावकाश, पूर्ण कप संपवला.

गोष्ट इथे संपायची. इथे टाळ्या पडायच्या. अतुलदादांनी मुखपृष्ठावरही एक भरलेला कप काढून घेतला होता.

पण वहीत हे सगळं नव्हतं. 'माझा कप झेफला दिला. तो प्यायला.' एवढंच, आणि पुढची पानं कोरी. दहाव्या आणि अकराव्या वहीत नुसती लायब्ररीतल्या पुस्तकांवरून काढलेली टिपणं. त्या उन्हाळ्यानंतर ताई पुन्हा गेल्याच नव्हत्या.

मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते, अर्ध्या तासाचं काम आहे. त्या शनिवारी त्यांचा खांदा दुखत होता. पुढच्या शनिवारी डोळे. मग मला पोळी-भाजी वाढली आणि म्हणाल्या की आज कंटाळा आलाय, पुढच्या वेळी बघू. ऑगस्ट उजाडला. नागपूरच्या छापखान्याला पंधरा सप्टेंबरपर्यंत फाइल हवी होती. अतुलदादांचे मला दिवसाआड मेसेज येत होते.

अकराव्या वहीच्या मागे रबराने बांधलेली नाताळची वीस कार्डं सापडली. प्रत्येकात फक्त 'म्रिका' अशी सही. ना शुभेच्छा, ना खुशाली. पाकिटांवर क्रॉयडनचा पत्ता. मी ताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की त्याही दरवर्षी एक कार्ड पाठवतात, त्यातही फक्त सही असते.

मग त्या एकेक कार्ड उलटून बघत राहिल्या. शेवटी त्यांनी उरलेलं सांगितलं. त्या चौथ्या उन्हाळ्यानंतर सप्टेंबरमध्ये म्रिका कामावर आली आणि ट्रे लावता लावता म्हणाली, झेफ गेला. पुढे काही नाही. ऑक्टोबरमध्ये तिने शिफ्ट बदलून घेतली, नंतर नोकरी सोडली.

"गेला म्हणजे?" मी विचारलं.

"तेच तर. मेला, की कोणाला मारून तुरुंगात गेला. तेव्हा वाटलं, कामाला कुठे गेला असेल. माझ्या कपामुळे गेला एवढं मला तिने शिफ्ट बदलली तेव्हा कळलं."

"वीस वर्षांत तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं असतं तर कळलं असतं, पोरी."

 त्यांनी रबर पुन्हा कार्डांना लावलं, पत्त्यासाठी एक पाकीट मात्र बाहेर ठेवलं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही हॅटन क्रॉसहून क्रॉयडनची बस घेतली. दीड तासाचा रस्ता. ताईंनी मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा घट्ट धरला होता आणि किंग्स्टनपर्यंत डोळे मिटून होत्या. झोपल्या नव्हत्या. बस थांबली की डब्यावरची बोटं हलायची.

म्रिकाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, खाली ट्रामचे रूळ. पांढऱ्या केसांची, रुंद खांद्यांची बाई. तिने दार उघडलं, ताईंकडे पाहिलं, त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि दारामागच्या हुकला अडकवली. मग आत जाऊन कॉफी करायला लागली. तिघींचे कप काठोकाठ भरले. ताईंनी आपला उचलला नाही.

"झेफ कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

म्रिकाने सांगितलं की तो ग्रीसमध्ये आहे. दगडाच्या खाणीत होता, पाठ गेल्यावर आता एका गोदामाचा चौकीदार आहे. त्याने कोणाला मारलेलं नाही, आणि त्यालाही कोणी मारलेलं नाही.

ताईंनी कोचावर मान टेकली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मला वाटलं, संपलं, सगळं नीटच झालं. मी मनातल्या मनात प्रकरणाचा शेवटसुद्धा लिहून टाकला.

म्रिकाचं सांगून झालं नव्हतं. ती थांबत थांबत बोलली, मध्ये शब्द शोधत. त्यांच्या घरात काका झेफचा कप अर्धाच भरायचे, पण तो मुद्दाम, चार लोक बसलेले असतानाच. गावाला दिसायला हवं होतं की हे घर रक्त विसरलेलं नाही. तेवढं दिसलं की गाव गप्प बसायचं. झेफला मारायचं नव्हतं आणि घरात कोणालाच त्याने मारायला नको होतं. लोक उठून गेले की आई त्याला आतल्या खोलीत भरून कप द्यायची.

"सात वर्षं आम्ही त्याला त्या अर्ध्या कपावर जगवला, शीला," ती म्हणाली.

मग एका दुपारी गावातले चार जण बसलेले असताना पाहुणीने त्याला भरलेला कप दिला. पाहुण्याच्या हातचं परत करता येत नाही. तो प्यायला. आता गावाने त्याचे दोनच अर्थ लावले. एक तर त्याने मारायचं ठरवलं आहे, नाहीतर त्याने लाज सोडली आहे. आठवड्याच्या आत माणसं काकांना विचारायला आली, की यातलं कुठलं? दहाव्या दिवशी झेफ निघून गेला. परत आला तर त्याला उत्तर द्यावं लागणार होतं, म्हणून आला नाही. दोन हजार पंधरा साली आई गेली. तेव्हाही नाही.

"मला सांगायचं होतंस," ताई म्हणाल्या.

"सांगणारच होते. सप्टेंबरभर शब्द जुळवत होते. आणि तू ऑक्टोबरमध्ये पट्ट्यावर येऊन मला सांगितलंस, तुझ्या लोकांपुढे ती गोष्ट सांगितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू खूष होतीस. मी दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलली."

खालून ट्राम गेली. ताईंनी मग तिला आजोबांचा कप सांगितला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत तो कधी सांगितलाच नव्हता. टपरी, कूड, खाच, स्वतः धुणं. त्यांचं इंग्रजी अडलं तिथे मी शब्द पुरवला. म्रिकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनाही घरात कोणी भरून द्यायचं का?"

"घरात चहाच नव्हता," ताई म्हणाल्या.

म्रिकाने मान हलवली. थोड्या वेळाने तिने शंकरपाळ्यांचा डबा उघडला, एक खाल्ला आणि म्हणाली, अजून तसेच करतेस, कडक. मग ताईंनी गार झालेला कप उचलला.

निघताना मी पुस्तकाचं विचारलं. म्रिकाला मराठी येत नाही, कधी वाचणारही नाही, तरी तिची संमती हवीच होती. तिने सांगितलं की गावाचं नाव नको आणि भावाचं नाव बदला. त्यामुळे झेफ हे त्याचं खरं नाव नाही. हुकवरची छत्री तिने ताईंच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "टाळ्या पडतात तिथे थांबू नकोस."

परतीच्या बसमध्ये किंग्स्टन गेल्यावर ताई बोलल्या. "अर्धा कप मला आजही बघवणार नाही. उद्या दिसला तर उद्याही उठेन. पण आधी विचारेन." मग खिडकीला डोकं टेकून त्या खरंच झोपल्या. हॅटन क्रॉसला हलवून उठवावं लागलं.

आम्ही ते प्रकरण दोन शनिवारांत लिहिलं. अतुलदादांना ते पटलं नाही. ते म्हणाले, ताई, यातून लोक काय घेतील? अपमान गिळून गप्प बसावं, असं घेतील. आपल्या पोरांना आपण उलटं शिकवतो. पहिला भाग पुरेसा आहे, पुस्तकही छान संपतं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. ताईंनीही चूक म्हटलं नाही. फोन स्पीकरवर होता, त्या सोफ्यावर आडव्या पडल्या होत्या.

"दादा, वीस वर्षं मी तेवढंच सांगितलं. दमले मी त्याने. छापायचं तर सगळं छापा, नाहीतर वह्या परत द्या."

सगळं छापलं. मुखपृष्ठावरचा कपही गेला, तिथे आता खुंटीला अडकवलेली छत्री आहे. ती ताईंनीच समासात काढलेली होती.

ऑक्टोबरमध्ये भाड्याच्या कम्युनिटी हॉलमध्ये शंभरेक माणसं जमली. वंदना झाली, भाषणं झाली, कार्यक्रम लांबला. हॉलचा केअरटेकर दाराशी किल्ल्या घेऊन उभा होता. ताईंना उभं राहवत नव्हतं म्हणून मी स्टेजवर खुर्ची दिली. त्या बसून वाचू लागल्या. काठोकाठ कप, अर्धा कप, कुडातली खाच. लोकांना पुढचं पाठ होतं, ते आधीच पुढे सरकून बसले होते. झेफने सावकाश पूर्ण कप संपवला, असं ताईंनी वाचलं आणि हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. मागचे काही जण उभेही राहिले.

ताई मान खाली घालून थांबल्या, विमान जाऊ द्यावं तशा. टाळ्या ओसरल्या, खुर्च्या मागे सरकल्या, कोणीतरी चहाच्या टेबलाकडे निघालंसुद्धा. मग त्यांनी चष्मा नीट केला, पान उलटलं आणि तोडलं होतं तिथूनच पुढे वाचायला लागल्या.