तिचा पहिला प्रश्न

तळलेल्या बोंबलांचा वास आला की ऐंशीच्या दशकातली मुलुंडची एक बाई आठवते. तेव्हा मी एका हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत नवीनच मानसशास्त्रज्ञ म्हणून लागले होते. नैराश्याने ती अंथरूण सोडत नसे. नवरा तिला हाताला धरून आणायचा. "घरातलं एखादं काम करून बघा," असं मी दर वेळी सांगायचे आणि ती जमिनीकडे बघत बसायची. एका दुपारी ती एकटीच आली आणि माझी खोली मासळीच्या वासाने भरली. "हाताक वास येता," ती ओशाळून म्हणाली, "सकाळी बोंबील तळले. मीठ जास्त पडला, पण घोवान सगळे खाल्ल्यान." नवऱ्याचं असं सांगून मग माझ्याकडे नीट बघत तिने विचारलं, "तुमी जेवलात काय?" मी जेवले नव्हते, पण पोट भरल्यासारखं वाटलं. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाची चौकशी करावीशी वाटली होती. आता मी निवृत्त आहे, तरी ती दुपार आठवली की वाटतं, आपण बरं काम निवडलं.